मुका लॅपटॉप

३ नोव्हेंबर, सोमवार

मुका परत आला! दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप आणून दिला आणि पठ्ठ्या एक शब्द बोलायला तयार नाही.

चालू होतो. पंखा फिरतो, पोटाला हात लावला की ऊब लागते. पण बोलत नाही. विंडोजचं बटण, ऑल्ट आणि एस, तिन्ही एकदम दाबले की पडदा वाचून दाखवणारी बाई बोलायला लागते, असं खारूताईने सांगितलं होतं. पन्नास वेळा दाबले. बाई गप्प.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "ताई, लिनक्स एकदम मस्त बसलंय! वायफाय चालू, पडदा लखलखीत!"

"आणि आवाज?"

"आवाज नाही बघितला."

आवाज नाही बघितला! अरे माणसा, तो लखलखीत पडदा मी काय चाटू? माझे डोळे जाऊन एकोणीस वर्षं झाली. आवाज हाच माझा पडदा. तो गेला तर लॅपटॉप म्हणजे नुसतं झाकण असलेलं ताट. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "सतरा तारखेला परत आलो की बघतो. बहिणीचं लग्न आहे, गाडीतच बसलोय."

परीक्षा चौदा तारखेला आहे.

जुनं होतं तेच काय वाईट होतं? पण ही परीक्षा फक्त नव्या ब्राउझरवर चालते, आणि आमच्या दहा वर्षांच्या म्हाताऱ्यावरचं जुनं विंडोज नवा ब्राउझर घेईना. फोनवरून परीक्षा चालणार नाही, हा नियम. "विंडोज काढून लिनक्स टाक, म्हातारा पळायला लागेल," असं खारूताई म्हणाली. टाकलं. जुनं सगळं पुसून टाकलं! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

झोप लागली नाही. सकाळी लवकर उठून हे टोचत बसलेय. ब्रेलची पाटी बरी. हिला वीज लागत नाही, दुरुस्तीवाला लागत नाही, आणि घरात दुसऱ्या कोणाला वाचताही येत नाही. म्हणून खरं लिहिते: मला भीती वाटतेय.

नोकरी हॉस्पिटलची आहे. डॉक्टर तपासणीनंतर जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं. हे काम मला येतं. आठ वर्षं घरबसल्या लोकांची भाषणं, मुलाखती टाइप करतेय. पण ही पहिलीच पक्की नोकरी. दुसऱ्या शहरात, बायकांच्या वसतिगृहात खोली, रुजू व्हायचं एक डिसेंबरला. वयाची अट पस्तीस. मला पस्तीस पूर्ण होतात सतरा डिसेंबरला. म्हणजे पुढच्या वर्षी फॉर्मसुद्धा भरता येणार नाही. जे व्हायचं ते या चौदा तारखेलाच.

खारूताईचा फोन आला. (ही माझी शाळेतली मैत्रीण. तिलाही दिसत नाही. बोलण्याचा वेग असा की ऐकणाऱ्यालाच धाप लागते, म्हणून खारूताई.) तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं तुझं मशीन बोलतंय. फक्त टीव्हीच्या वायरीत बोलतंय. त्याला वाटतंय टीव्ही जोडलाय. एका फाइलीत एक ओळ लिहायची, की ते आपल्या तोंडाने बोलेल."

"मग जोडते टीव्ही!"

"जोड."

आमचा टीव्ही माझ्यापेक्षा म्हातारा. त्याला ते भोकच नाही.

म्हणजे ओळ लिहायची. ती लिहायची काळ्या खिडकीत, जिथे हुकूम टाइप करावे लागतात. आणि बरोबर लिहिली का हे बघायला कोणीतरी पडदा वाचून सांगायला हवा. माझ्या फोनचा कॅमेरा उन्हाळ्यात पडून फुटला, तो नुसतं "चित्र अस्पष्ट आहे" म्हणतो. उरले बाबा.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाबांना विचारलं. "बघू," म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे उद्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जमलं! निदान मला तरी वाटतंय की जमलं.

दुपारी बाबांना खुर्चीवर बसवलं. बटणांवर मी, पडद्यावर ते. फोनवर खारूताई, उंटावरून शेळ्या हाकायला.

बाबांना इंग्रजी येत नाही. पण चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात. इंग्रजी अक्षर न अक्षर ओळखतात, अर्थ एकाचाही माहीत नाही. मेडिकलवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांची नावं त्यांच्या हातून गेलीत. "स्पेलिंग एकदाच चुकलं, तेही गिऱ्हाइकानेच चुकीचं लिहून दिलं होतं म्हणून," हे मी लहानपणापासून ऐकतेय. दोन वर्षांपूर्वी ब्रश ठेवून दिले. छापील बोर्ड आल्यावर कोण रंगवून घेतं, म्हणाले.

"एस. यू. डी. ओ," बाबा वाचू लागले.

"ओ की शून्य?"

"ओ! शून्याचं पोट आत गेलेलं असतं. मला अक्षर शिकवू नकोस."

"बरं. पुढे?"

"मग तिरपी काठी."

"कुठे कललेली?"

"पुढे पडायला आलेल्या माणसासारखी. मग ई, टी, सी. परत पडणारा माणूस."

खारूताई तिकडे हसून हसून मेली. मीही हसले. किती दिवसांनी या घरात असं हसलो!

ती ओळ लिहायला पाऊण तास लागला. बाबांनी एकेक अक्षर तपासलं. दोन ठिकाणी माझं बोट घसरलं होतं, ते त्यांनीच पकडलं. "इथे दोनदा एन पडलाय. खोड एक." एका जागी रेघ खाली हवी होती, मी मधे मारली होती. "ही कमरेला आहे, हिला पायाशी आण." असा मुकादम मिळायला भाग्य लागतं.

"या सगळ्याचा अर्थ काय गं?" मधेच विचारलं त्यांनी.

"कुठल्या भोंग्यातून बोलायचं ते सांगतोय आपण त्याला."

"मग सरळ मराठीत सांग ना. एवढं काय ते!"

मग साठवायची बटणं दाबली. "बाबा, काही आलं का पडद्यावर?"

"नाही. आहे तसंच आहे. ओळ बरोबर आहे तुझी."

खारूताई म्हणाली, तक्रार नाही म्हणजे साठवलं गेलं. आता लॅपटॉप बंद करून चालू करायचा. चार्जिंग संपत आलं होतं आणि बाबाही थकल्यासारखे वाटले. उद्या सकाळी चालू करते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुका तो मुकाच.

तीन बटणं दाबली. थांबले. परत दाबली. कान लावून बसले तर फक्त पंखा. रडूच आलं, पण बाबा शेजारी होते म्हणून नाक शिंकरल्यासारखं केलं.

खारूताई म्हणते, आकडे उलटे हवे असतील. नवी ओळ सांगितली. परत पाऊण तास. परत बाबांनी वाचलं, परत "ओळ बरोबर आहे". बंद केलं, चालू केलं. शून्य. पोट आत गेलेलं.

संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, "त्या वसतिगृहाला जिने किती आहेत?"

"मला काय माहीत?"

"आणि रस्ता? हॉस्पिटल पलीकडे आहे की अलीकडे?"

"बाबा, अजून परीक्षाच दिली नाही मी!"

"विचारून ठेवावं. तिथे कोण आहे तुझं?"

डोकं फिरलं माझं. "इथे तरी कोण आहे? तुम्ही आणि या चार भिंती!"

बाबांनी पाट उचलून ठेवला आणि हात धुवायला गेले. असं बोलायला नको होतं. पण त्यांच्या मनात काय आहे ते मला कळतं. फॉर्म भरला त्या दिवशीही चकार शब्द बोलले नव्हते. हो नाही की ना नाही. आई गेल्यापासून बारा वर्षं आम्ही दोघंच. पोरगी गेली तर आपल्याला चहा कोण देणार, हेच ना?

८ नोव्हेंबर, शनिवार

यूएसबीचा हेडफोन मागवला. तो आपला आवाज आपणच घेऊन येतो, त्याला ती ओळबीळ लागत नाही. येणार कधी? अठराला. वरातीमागून घोडं!

शेजारच्या शिलाईवाल्या काकूंकडे नवा टीव्ही आहे, त्याला ते भोक नक्की असणार. पण काकूंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. पास झाले नाही तर जिन्यातला प्रत्येक माणूस विचारणार, "काय झालं गं परीक्षेचं?" गेल्या दोन परीक्षांच्या वेळी तेच झालं होतं. काकूंनी तर चक्क दुकानातल्या बाईंचा निरोप आणला, "धीर सोडू नकोस." नको.

तिसरी ओळ लिहिली. बाबा म्हणाले, बरोबर आहे. काही आलं नाही. बंद. चालू. पंखा.

९ नोव्हेंबर, रविवार

आज हात लावला नाही त्याला. पाच दिवस उरले.

१० नोव्हेंबर, सोमवार

हॉस्पिटलला फोन केला. परीक्षेचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तारीख बदलत नाही. मशीन ज्याचं त्याने बघायचं." मी म्हटलं, "चार दिवस फक्त." त्या म्हणाल्या, "चार दिवस सगळ्यांनाच हवे असतात." आवाज वाईट नव्हता बाईंचा. दमलेला होता.

चौथी ओळ. या वेळी मी मुद्दाम बाबांना दोनदा विचारलं.

"काही आलं का?"

"नाही."

"नीट बघा ना. एखादा शब्द? एखादा आकडा?"

"नाही म्हटलं ना! जे आहे ते वाचलं मी."

झटकन उत्तर. फारच झटकन. ज्या माणसाने एकेका रेघेवर माझ्याशी वाद घातला, तो साठवताना मात्र क्षणभरही बघत नाही. ओळ वाचताना दहा मिनिटं, आणि नंतरचं "नाही" एका श्वासात.

खारूताईही म्हणाली, "चार वेळा नीट लिहून होत नाही असं होत नाही गं. मशीनने काहीतरी सांगितलंच असणार."

कुठेतरी पाणी मुरतंय. असं स्वतःच्या बापाबद्दल लिहू नये. पण मुरतंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दोन गोष्टी झाल्या. एक चांगली, एक फार वाईट. क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी बाबा बाहेर गेले. मी म्हटलं, दवंडी तर दवंडी! लॅपटॉप छातीशी धरला, शेजारचं दार वाजवलं.

"काकू, तुमच्या टीव्हीला जोडून बघायचाय."

"ये की! वायर आण."

वायर! ती माझ्याकडे कुठली? मी तिथेच मटकन स्टुलावर बसले. काकूंनी शिलाई थांबवली, काय ते विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, नोकरी, चौदा तारीख, ओळ, सगळं. त्या म्हणाल्या, "दाखव बरं मला ती ओळ. इंग्रजी मला फार येत नाही, पण बिलं वाचते मी."

मी लॅपटॉप चालू केला. काळी खिडकी उघडली, फाइल उघडली. एव्हाना हे सगळं झोपेतही करते मी. ओळ लिहिणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "हे खाली काय लिहिलंय?"

"कुठे खाली?"

"हे काय, तळाला. पांढऱ्या पट्टीत. चांगलं ठळक आहे की! फाइल... मग बरंच काहीतरी... मग अन... अन-राय-टे-बल."

माझ्या कानशिलात कोणीतरी मारल्यासारखं झालं. ही फाइल लिहिता येत नाही. मशीन सांगत होतं! पहिल्यापासून!

"काकू, ही पट्टी आत्ता आली का?"

"छे गं, उघडल्याबरोबर आली."

मग लख्ख कळलं. चूक माझीच होती, तेही लिहून ठेवते. मोठ्या कामाआधी "सुडो" लिहायचं, म्हणजे मशीन मालकाचा पासवर्ड मागतं आणि मग हात लावू देतं. पहिल्या दिवशी जुन्या फाइलीची प्रत काढायच्या पहिल्या हुकुमाला मी ते लिहिलं होतं, पासवर्डही दिला होता. मला वाटलं, एकदा ओळख पटली की घर आपलं. फाइल उघडताना परत लिहिलंच नाही. चारही वेळा परक्यासारखी दारात उभी राहून आत लिहिल्यासारखं करत होते. खारूताईला वाटलं मी लिहिलंय, मला वाटलं लागत नाही.

सुडो लावून उघडली. "पट्टी?" "नाही आता." ओळ लिहिली. साठवली. "पट्टी?" "आलीय. रोट... वन लाइन." लिहिली गेली! बंद. चालू. पासवर्ड. तीन बटणं.

"स्क्रीन रीडर ऑन."

बोलली! बाई बोलली! काकूंनी मला मिठीच मारली, गळ्यातली टेप माझ्या नाकात गेली. "अगंबाई, ही तर विमानातल्या बाईसारखी बोलते!" म्हणाल्या. मी रडले, हसले, काय काय केलं.

आणि जिन्यातून परत येताना विचार आला. पांढरी पट्टी. ठळक. चार दिवस, चार वेळा. आणि बाबांना ती दिसली नाही?

बाबा दुपारी आले. मी दारातच धरलं. "खाली पट्टी यायची, ती का नाही सांगितलीत?"

"कसली पट्टी?"

"पांढरी! पडद्याच्या तळाला! काकूंना पहिल्या झटक्यात दिसली!"

बाबा म्हणाले, "मला नाही दिसली."

"दिसली नाही की सांगितली नाही?"

मग मी थांबलेच नाही. मी म्हटलं, तुम्हाला मी जायला नकोय. म्हटलं, जिने किती नि रस्ता कुठे, सगळं त्यासाठीच. म्हटलं, मला कायमची आंधळी पोर म्हणून घरात ठेवायचीय तुम्हाला. म्हटलं, चाळीस वर्षं अक्षरं काढली आणि स्वतःच्या पोरीसाठी एक ओळ वाचली नाही.

बाबांनी चप्पल काढून कोनाड्यात ठेवली आणि आत गेले. निदान ओरडायचं तरी! गुन्हा नसता तर माणूस ओरडला असता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घरात बोलणं बंद. चहा मी करते, ते घेतात. "झाला" एवढंच.

पायाचं पेडल आज जोडलं. टाच दाबली की रेकॉर्डिंग मागे, पंजा दाबला की पुढे. लिनक्सला ते आधी माउस वाटलं, उंदीर! पंजा दाबला की काहीतरी उघडायचं. खारूताईने दोन तासांत वठणीवर आणलं. काकू बघायला आल्या होत्या. "माझ्यासारखंच पायाने चालतं की तुझं मशीन," म्हणाल्या. आता जिन्यातल्या सगळ्यांना माहीत झालंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सराव. मिनिटाला बासष्ट शब्द. बाईचा वेग वाढवलाय. ती आता खारूताईसारखी बोलते.

बाबांचा रेडिओ दोन दिवस बंद आहे. मला आवाजाचा त्रास नको म्हणून, की राग आलाय म्हणून, कोण जाणे. मी विचारणार नाही. माफी त्यांनी मागायची.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिली.

चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, दीड तास वेळ. दम लागलेले एक डॉक्टर, एक अतिशय हळू बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई, आणि एक जण जो खात खात बोलत होता. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि रेकॉर्डिंगच्या एकतिसाव्या मिनिटाला बाई गेली! वाक्याच्या मधेच. रेकॉर्डिंग चालू, पण मी काय लिहिलंय ते वाचून दाखवणारी गप्प. बाई परत बोलावायला बटणं दाबावी तर परीक्षेच्या खिडकीबाहेर फेकले जाईन अशी भीती. नियमात लिहिलंय, एकदा बाहेर तर कायमचं बाहेर.

मग ठरवलं, जाऊ दे. बोटांना माहीत आहे. शेवटची नऊ मिनिटं काहीही परत न ऐकता टाइप केली. चुकलेलं खोडायचं तर कुठे चुकलंय ते कळायला नको? बोटं अडखळली की तेवढं खोडायचं आणि पुढे. देवाचं नाव घेतलं नाही, वेळच नव्हता.

मधेच बाहेरून आवाज आला होता. काकू दाराशी आल्या असाव्यात. बाबांचा दबका आवाज: "दार वाजवू नका. पोरगी परीक्षेला बसलीय." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. दीड तास ते दाराबाहेर बसून होते वाटतं.

मला कळत नाही. अडवायचंच होतं तर आज किती सोपं होतं!

१५ नोव्हेंबर, शनिवार

नऊ मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पास!

मॅडमचाच फोन आला. एकूण अठ्ठ्याहत्तर जण, घेतले सहा, त्यात मी. "शेवटच्या भागात काही चुका आहेत, पण चालेल," म्हणाल्या. चालेल! मी एवढ्या जोरात ओरडले की खालून कोणीतरी "काय झालं?" विचारलं.

बाबा खोलीतून बाहेर आले. मी म्हटलं, "मिळाली." ते म्हणाले, "छान झालं." मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "तिकीट काढायला हवं. मी काकूंना सांगतो, त्यांच्या फोनवरून निघतं." आणि गेले.

छान झालं, एवढंच. मीही पुढे झाले नाही. अकरा तारखेचं अजून मिटलेलं नाही. मी जे बोलले ते, आणि ते जे बोलले नाहीत ते. जाण्याआधी एकदा समोरासमोर बसून निकाल लावायला हवा. पण सुरुवात मी का करू?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सोमवारपर्यंत सगळी प्रमाणपत्रं पाठवायची आहेत. काकूंच्या कपाटावर जुना स्कॅनर पडून आहे, कपड्यांचे नमुने उतरवून घ्यायला आणलेला. नवीन कॉम्प्युटरने त्याला ओळख दाखवली नाही म्हणून वर गेला बिचारा. खारूताई म्हणते, लिनक्सला म्हातारे आवडतात. उद्या बघू.

तिकीट आलं. तीस तारीख, सकाळची गाडी. एकच तिकीट. बाबा पोचवायला येणार असतील असं मी धरून चालले होते. "मी नाही येत," म्हणाले. "गर्दीत जमत नाही आताशा." ठीक आहे. नका येऊ! काठी आहे माझी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्कॅनर जोडल्याबरोबर चालला, कागदावरची अक्षरं ओळखणारं साधन खारूताईने बसवायला सांगितलं. कपाटातली फाइल काढली आणि कागद एकेक करून काचेवर ठेवले. बाई वाचत गेली. दहावी. बारावी. टायपिंग. मग एक कागद, त्याच्या कोपऱ्याला माझी टोचलेली खूण नव्हती. तोही ठेवला. बाईने बाबांचं नाव घेतलं. वय पासष्ट. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. खालची आणि कडेची नजर गेलेली, परत येणार नाही. समोरचं थोडं शिल्लक. रंगकाम बंद करावे. एकट्याने रस्ता ओलांडू नये. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

आवाज मी मोठा ठेवला होता. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तुला सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू फॉर्मच भरला नसतास."